आधी पाईप, मग पाळणा

माणसाची प्रगती म्हणजे दुसरंतिसरं काही नसून तार लपवणं आहे. गुहेत राहणाऱ्या माणसाकडे लपवायला तारच नव्हती, म्हणून तो मागास राहिला. मग तार आली, भिंतीवरून लोंबायला लागली, आणि ज्या घरात ती लोंबते ते साधं घर, ज्या घरात ती पाईपातून जाते ते सुधारलेलं घर, अशी समाजाची सरळ वाटणी झाली. हे माझं मत नाही हं. बाबांचं आहे. त्यांनी ते आम्हाला जेवताना सांगितलं, आणि सांगताना पंख्याच्या लोंबत्या वायरकडे असं काही बघितलं, की ती बिचारी वायर अंग चोरून बसल्यासारखी वाटली मला.

तर ऐका. मधे मधे बोलू नका, माझा धागा सुटतो.

आमच्या स्वयंपाकघराला लागून मागे एक खोली आहे. तिथे पूर्वी मोडकी सायकल, झाकणं नसलेले डबे, डबे नसलेली झाकणं, आणि एक लोखंडी वस्तू असायची. ती कशाची आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ती टाकताही येत नव्हती. बाबा निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की सदर खोलीचं वर्कशॉप करण्यात येत आहे. बाबांनी आयुष्यभर एका कार्यालयात दुसऱ्यांनी केलेलं काम बरोबर झालंय का, एवढंच पाहिलं. त्यामुळे काम कसं असायला हवं याची त्यांना इतकी सखोल माहिती आहे, की प्रत्यक्ष काम करायला कधी सवडच झाली नव्हती.

वर्कशॉपला निमित्त होती ताई. माझी मोठी बहीण. ती आणि भावोजी आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. ताईला सातवा महिना लागला होता, आणि एक दिवस ती आली, खुर्चीत बसली, श्वास घेतला आणि म्हणाली, "बाबा, पाळणा तुम्ही करायचा. विकतचा मी घेणार नाही. आणि याचं बाहुलीघर करायचं नाही."

बाहुलीघराचं सांगायला हवं. ताई पहिलीत असताना बाबांनी तिला लाकडी बाहुलीघर करून द्यायचं कबूल केलं होतं. आता बाहुलीघर करायचं तर टेबल हवं. टेबल डगमगू नये म्हणून खालची जमीन सपाट हवी. म्हणून आधी गवंड्याकडून मधल्या खोलीची जमीन करून घेण्यात आली. अशी जमीन तुम्ही जन्मात पाहिली नसेल. तिच्यावर गोटी ठेवली तर गोटी विचारात पडते, कुठल्या बाजूला जावं हेच तिला कळत नाही. ती जमीन मनासारखी होईपर्यंत ताई बाहुल्यांच्या वयातून निघून गेली होती. ताई त्याबद्दल कधीच काही बोलत नाही. फक्त अधूनमधून त्या जमिनीवर पाय पसरून बसते आणि म्हणते, "किती सपाट आहे ना."

एवढंच. पण बाबा लगेच उठून दुसऱ्या खोलीत जातात.

तेव्हा या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, हे आईने बाबांना चारचौघांत बजावलं. बाबा म्हणाले, "वेडी आहेस का? लाकूड आणलंसुद्धा." आणि खरंच आणलं होतं. चार फळ्या. छान गुळगुळीत, जवळ गेलं की वास येणाऱ्या. त्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभ्या करण्यात आल्या. त्या फळ्यांकडे लक्ष ठेवा.

आता तुम्हीच विचार करा. पाळणा करायचा तर फळी कापायला हवी. कापायला यंत्र हवं. यंत्राला वीज हवी, विजेला तार हवी, आणि तार म्हटलं की मी सुरुवातीला काय म्हणाले ते आठवा. यात चूक काढून दाखवा. नाही निघणार. आम्हालाही काढता आली नाही.

तोपर्यंत त्या खोलीत वीज यायची ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून टाकलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवरून. बल्ब त्यावर, ड्रिल त्यावर, पंखा त्यावर. ही व्यवस्था तात्पुरती होती. (आमच्या घरात तात्पुरती म्हणजे जी आधीच्या पिढीने केली आणि पुढच्या पिढीला मिळणार ती.)

कामासाठी एक समिती नेमण्यात आली. अध्यक्ष बाबा. तांत्रिक सल्लागार लेव्हलकाका. लेव्हलकाका म्हणजे शेजारचे काका. त्यांच्या खिशात कायम ती छोटी पट्टी असते बघा, जिच्यात पाण्याचा बुडबुडा असतो आणि वस्तू आडवी सरळ असली की तो मधोमध थांबतो, ती. आमच्याकडे चहाला आले की आधी टेबलावर पट्टी ठेवतात, मग बशीवर, आणि मग म्हणतात, "घ्यायला हरकत नाही." प्रत्यक्ष कामाला वायरमन. हा गृहस्थ कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर द्यायचा, "होऊन जाईल." भिंत कच्ची आहे? होऊन जाईल. पाऊस येतोय? होऊन जाईल. आणि स्वतःच्या कामाबद्दल बोलताना आवाज खाली आणायचा. "साहेब, आपण लावलेला पाईप बघून लोक बोलायचे थांबलेत." आई, ताई आणि मी असा उरलेला समाज 'धरणारे' या वर्गात टाकण्यात आला. घरकामात हे दोनच वर्ग असतात. एक जण करतो, आणि बाकीचे धरतात. धरणाऱ्याला नाक खाजवायची परवानगी नसते.

पहिल्याच दिवशी वायरमनने बाबांना पाईप वाकवायला शिकवला, आणि तिथेच घात झाला.

त्याचं असं असतं. हा पांढरा प्लास्टिकचा पाईप नुसता वाकवला तर चपटा होतो, मग आतून तार जात नाही. म्हणून आत एक लांब स्प्रिंग सरकवायची, पाईप गुडघ्याला टेकवायचा, आणि रुसलेल्या माणसाची समजूत घालावी तसा, हळूहळू, जरा जरा करत वाकवायचा. मग स्प्रिंग ओढून बाहेर काढायची. छान गोल वळण तयार. काय? स्प्रिंग कुठे मिळते? अरे, विजेच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळते, सांगते नंतर, ऐक आधी.

बाबांनी पहिलं वळण केलं आणि ते पहिल्याच झटक्यात अचूक आलं. वायरमन चकित झाला. लेव्हलकाकांना तर पट्टी कुठे ठेवावी कळेना, कारण वळणाला लेव्हल नसते. बाबांनी तो तुकडा दोन्ही हातांवर धरून स्वयंपाकघरात नेला.

"छान आहे," आई म्हणाली. "कशाचं आहे?"

"कशाचं नाही," बाबा म्हणाले. "वळण आहे."

खरं सांगू? बाबांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कामावर 'ठीक' असा शेरा मारणाऱ्या माणसाने पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी काहीतरी केलेलं होतं आणि ते ठीकच्या पुढचं होतं. आईनेही ते ओळखलं, कारण ती नेहमीचं जे काही बोलणार होती ते बोलली नाही. फोडणी मात्र जळली.

त्यानंतर आमच्या वर्कशॉपमध्ये पाईप कुठेही सरळ जाईना. खिडकीला वळसा, दाराला वळसा, खुंटीला वळसा. भिंतीवर एक पाल बसली होती, तिलाही वळसा. (पाल गेली. वळसा कायम आहे.) जिथे वळण घ्यायला काहीच कारण नव्हतं, तिथे बाबांनी आधी कारण निर्माण केलं, म्हणजे खिळा ठोकला, आणि मग त्या खिळ्याला वळसा घातला. पाईप भिंतीला पकडून ठेवणाऱ्या त्या छोट्या पट्ट्या असतात, सॅडल म्हणतात त्यांना, त्या एका वितीवर एक असाव्यात की दीड वितीवर, यावर बाबा आणि लेव्हलकाका यांच्यात काही काळ बोलणं बंद होतं. शेवटी बाबांची वीत घ्यावी की काकांची, यावर तडजोड होऊन आईची वीत प्रमाण मानण्यात आली आणि आईला सारखं पोळ्या लाटता लाटता भिंतीवर पंजा ठेवायला बोलावण्यात येऊ लागलं. आमच्या वर्कशॉपच्या भिंतींवर अजूनही पिठाचे पंजे आहेत.

मग पॉइंट. प्लग कुठे कुठे हवेत, याचा बाबांनी दूरदृष्टीने विचार केला होता. एक पॉइंट ड्रिलसाठी. एक करवतीच्या यंत्रासाठी (यंत्र यायचं आहे). एक रंधा मारायच्या यंत्रासाठी (तेही). एक अशा यंत्रासाठी की ज्याचा शोध अजून लागलेला नाही, पण लागला तर धावपळ नको. आणि दाराजवळ एक पॉइंट पाहुण्यांसाठी.

"पाहुण्यांसाठी म्हणजे?" मी विचारलं.

"समजा कुणी पाहुणा स्वतःचं यंत्र घेऊन आला."

मी सॅडल धरलं.

ताई रोज संध्याकाळी कमरेवर हात ठेवून यायची, दारात उभी राहायची.

"पाळणा कुठवर आला?"

"चाळीस टक्के," बाबा सांगायचे.

"दाखवा."

बाबा भिंतीवरच्या पाईपाकडे बोट करायचे. ताई पाईपाकडे बघायची, मग कोपऱ्यात बघायची. कोपऱ्यात फळ्या नसायच्या. कारण वरचे सॅडल ठोकायला शिडी पुरत नव्हती, म्हणून दोन पिंपांवर त्या फळ्या आडव्या टाकून परांची करण्यात आली होती. बाबा आणि वायरमन दिवसभर पाळण्यावरच उभे असायचे. त्या अर्थाने पाळण्याचं काम अखंड चालू होतं.

"बाबा, पण यात वीज कुठून येणार?" ताईने एकदा विचारलं.

बाबा हसले. समजूतदारपणे हसतात ना मोठी माणसं, तसे. "अगं, वीज येतेच. वीज येण्याचा प्रश्न नसतो. वीज नेण्याचा असतो."

तसा तो प्रश्न आधी एकदा निघाला होता, नाही असं नाही. मेन बोर्ड स्वयंपाकघरात. तिथून पाईप आणायचा तर मधल्या भिंतीला भोक पाडणं आलं, आणि त्या भिंतीवर आईच्या टाइल्स आहेत. निळ्या फुलांच्या. आई एवढंच म्हणाली की, "माझ्या टाइल्सना ड्रिल लागला, तर त्या दिवसापासून स्वयंपाकही तुमच्या वर्कशॉपातच होऊन जाईल." वायरमनला आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी ऐकायची सवय नव्हती, तो पक्कड उचलून दुसऱ्या भिंतीकडे वळला. बाबांनी निर्णय दिला की, "सुरुवात शेवटी करू." विषय पुढे ढकलण्यात आला आणि आमच्याकडे ढकललेले विषय जिथे जातात तिथे तो गेला.

पाईप लागले. आता तार आत ओढायची. आणि इथे निसर्ग आडवा आला. वायरमन तार एका टोकातून ढकलत होता, ती दुसऱ्या टोकातून यायचं नाव घेईना. वळणंच एवढी होती की तार दोनतीन वळणांपर्यंत जायची आणि मग जणू पत्ता विसरायची. जोर लावला, ओढलं, वाट काढायला आतून वेगळी कडक तार घातली, तीही अडकली.

"पावडर लागेल," वायरमन म्हणाला. "पावडर लावली की तार लोण्यासारखी जाते."

घरात एकच पावडर होती. ताईची दवाखान्यात न्यायची पिशवी आईने भरून ठेवली होती, तिच्यात बाळासाठी घेतलेला डबा. बाबा म्हणाले, थोडी घेऊ. थोडी म्हणजे किती, हे पाईपाच्या लांबीवर अवलंबून असतं. डबा संपला, मग नवा आणला, तोही संपला. तार गेली, पण खोलीभर बाळाचा वास पसरला. बाळ यायचं होतं, वास आधीच येऊन बसला होता. त्या संध्याकाळी ताई आली, दारात थांबली, डोळे मिटून एक लांब श्वास घेतला, आणि का कोण जाणे, तिने पाळण्याबद्दल विचारलंच नाही. तशीच गेली. बाबा मागून म्हणाले, "बघितलंस? तिला आवडलं." आई बाबांकडे बघत राहिली. ती ज्या नजरेने बघत होती तिला आमच्या घरात शब्द नाही, पण त्या नजरेनंतर भाजीत मीठ नसतं.

शेवटचा एक पाईप मात्र पावडरीलाही बधेना. मग लेव्हलकाकांनी सुचवलं की एका टोकाला धागा बांधलेला कापसाचा बोळा ठेवायचा आणि दुसऱ्या टोकाने व्हॅक्यूम क्लीनरने खेचायचा. धागा आला की धाग्याला तार बांधायची. शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष योजना. व्हॅक्यूम लावला. बोळा आला. धागा आला. धागा येतच राहिला. मी दुसऱ्या टोकाला धाग्याचं रीळ धरलं होतं, ते हातातून भिरभिरत सुटलं आणि गेलं पाईपाच्या तोंडाला चिकटून. काय? व्हॅक्यूमचं काय झालं? अरे, काही नाही झालं, आजही चालतो, सुरू केला की आधी थोडा धागा बाहेर टाकतो एवढंच. पण बघा, योजना खरंच चालली. दुसऱ्या खेपेला तार आली.

या सगळ्या कामाचा जो आढावा बाबांनी सादर केला तो असा. पाईप सरळ आहे का हे पाहणं, तीस टक्के वेळ. वळण गोल आहे का हे पाहणं, तीस टक्के. 'धर' म्हणणं आणि 'सोडू नको' म्हणणं, वीस टक्के. कानावर ठेवलेली पेन्सिल घरभर शोधणं, उरलेले वीस टक्के. पाळण्याचा उल्लेख आढाव्यात नव्हता, कारण तो शंभर टक्क्यांच्या बाहेर गेला होता.

आणि मग उद्घाटन. ताईचे दिवस भरत आले होते, पण बाबा म्हणाले वर्कशॉप सुरू झालं की पाळण्याला किती वेळ लागतो, एक दिवस. फळ्या कापायच्या, ठोकायच्या, झालं. सगळे जमलो. भावोजी कामाला गेले होते, बाकी सगळे. वर्कशॉप खरंच देखणं दिसत होतं, थट्टा नाही करत. चारही भिंतींवरून पांढरा पाईप वळणं घेत चाललेला, जणू भिंतीवर कुणी न थांबता एकाच ओळीत काहीतरी लिहीत गेलंय. बाबांनी आईला बटण दाबायला सांगितलं. आईने पदर सारखा केला, बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

दुसरं बटण. काही नाही. बाबांनी सगळी बटणं दाबली. पाहुण्यांचं सुद्धा.

"होऊन जाईल," वायरमन म्हणाला, पण आवाज नेहमीचा नव्हता. "साहेब, लाइन कुठून घेतलीय?"

"पाईपातून," बाबा म्हणाले.

"पाईपात कुठून?"

बाबांनी पाईपावर बोट ठेवलं आणि चालायला लागले. बोट पाईपावरून, खिडकीचा वळसा, दाराचा वळसा, पालीचा वळसा, एकेक पॉइंट, एकेक डबी. आम्ही सगळे त्यांच्या मागे. लेव्हलकाका पट्टी हातात घेऊन. खोलीला पूर्ण फेरी झाली आणि बोट जिथून निघालं होतं तिथेच येऊन थांबलं. सगळे पॉइंट एकमेकांना अगदी सुबकपणे जोडलेले होते. तारा ताज्या, गाठी घट्ट, सॅडल आईच्या वितीप्रमाणे. फक्त बाहेरून आत येणारं टोक नव्हतं. सुरुवात शेवटी करायची होती, आणि शेवट एवढा छान झाला की सुरुवातीची कुणाला आठवणच राहिली नाही. कळणार तरी कसं? काम करताना बल्ब लागत होता, ड्रिल चालत होता, व्हॅक्यूम चालला. सगळं खिडकीतून आलेल्या त्या तात्पुरत्या एक्स्टेन्शनवर.

"आई," ताई म्हणाली, "मला वाटतं…"

"एक मिनिट," बाबा म्हणाले. "टेस्टर दे बघू."

आणि ताईने दिला. एका हाताने दार घट्ट धरलेलं, दुसऱ्या हाताने टेस्टर पुढे केला. मग आईने ताईकडे बघितलं, आणि त्यानंतर त्या खोलीत कुणी विजेचं नाव काढलं नाही. लेव्हलकाकांनी रिक्षा आणली. ताई बसताना वायरमन दारात उभा राहून तिला म्हणाला, "ताई, होऊन जाईल." आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते योग्य जागी म्हटलं.

दवाखान्यात बाबा बाकावर बसले. टेस्टर खिशात तसाच. बराच वेळ गेल्यावर मला म्हणाले, "फळ्या कुठे आहेत गं?"

"परांचीवर. एक तडकलीय. बाकीच्यांना पायांचे ठसे आहेत, धुतले तरी जात नाहीत."

बाबांनी खिशातला टेस्टर चाचपला. मग म्हणाले, "जमीन तरी सपाट…" आणि तिथेच थांबले. "नाही. हे नको म्हणायला."

मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. असं काहीतरी बघू नये माणसाने.

दुपारी बाळ झालं. बाबा बाळाला बघून आले, हात धुतले, आणि मला म्हणाले, "चल. स्प्रिंग कुठे ठेवलीय?"

घरी येऊन त्यांनी भिंतीवरून पाईप काढायला घेतला. वायरमनला बोलावलं. तो बिचारा कळवळला. "साहेब, काढायचा? आपण लावलेला पाईप आजवर कुणी काढला नाही."

"होऊन जाईल," बाबा म्हणाले.

सगळ्यात मोठी दोन वळणं घेतली, दाराच्या वळशाची. जमिनीवर ठेवली आणि बोटाने दाबली, तर ती डोलली. तारेला नको असलेलं जे वळण, तेच पाळण्याच्या पायाला हवं होतं. मग काय, उरलेल्या कोऱ्या पाईपांना स्प्रिंगने तशीच वळणं दिली, तीनतीन पाईप एकत्र बांधले, आडवे जोडले, सॅडल इकडून तिकडे फिरले. काम मधल्या खोलीत, वीज अर्थात तेच तात्पुरतं एक्स्टेन्शन तिकडे ओढून. आईने जुन्या चादरीची दुहेरी झोळी शिवली, आणि पाळणा तयार झाल्यावर तिने आधी त्यात पिठाचा मोठा डबा झोपवला. दिवसभर डोलवला, रात्रभर तसाच ठेवला. सकाळी त्यात लेव्हलकाकांची पट्टी ठेवली. काकांनी चष्मा लावून बुडबुडा बघितला. "घ्यायला हरकत नाही," ते म्हणाले.

पाईपातल्या तारा मात्र निघाल्या नाहीत. ज्या तारा आत घालायला दोन डबे पावडर आणि एक रीळ लागलं, त्या बाहेर कशाला येतील? त्यामुळे पाळण्याच्या चारही टोकांना लाल, काळ्या आणि हिरव्या तारांची टोकं आहेत, वर टोपणं बसवलेली. तांत्रिकदृष्ट्या आमच्या बाळाच्या पाळण्याचं वायरिंग पूर्ण आहे. फक्त लाइन आणायची राहिलीय. आणि पाळणा डोलला की आतली पावडर हलते, आणि टोपणाच्या फटीतून वास येतो.

ताई घरी आली. पाळणा मधल्या खोलीत, त्या जमिनीवर ठेवला होता. ती आधी जमिनीवर बसली, पाय पसरून, नेहमीसारखी. बाबा उठून जायच्या बेतात. ताईने एका वळणावरून बोट फिरवलं, दुसऱ्यावरून फिरवलं.

"सरळ कुठेच नाही हो बाबा," ती म्हणाली.

"नाही," बाबा म्हणाले.

मग तिने हलकेच धक्का दिला. पाळणा डोलला, पुढे मागे, पुढे मागे, आणि जागचा तसूभर सरकला नाही. दुसऱ्या कुठल्या जमिनीवर असता तर डोलत डोलत दारापर्यंत गेला असता. ताईने तळहात जमिनीवर टेकला.

"किती सपाट आहे ना," ती म्हणाली.

या वेळी बाबा उठले नाहीत. नाक पुसलं, आणि पाळण्याला आणखी एक पॉइंट देता येईल का, याचा विचार करायला लागले.

वर्कशॉप आहे अजून. भिंतींवर पिठाचे पंजे आहेत, एक रिकामा पालीचा वळसा आहे, आणि पाहुण्यांचा प्लग आहे. एक्स्टेन्शन तात्पुरतं आहेच.

आणि आता लोकांची रीघ लागलीय. सगळे बाळाला बघायला येतात. येतात, वाकतात, "अरे वा, किती गोड…" एवढं म्हणतात, आणि नजर जी पाईपावर जाते ती तिथेच. पुरुष तर सरळ जमिनीवर आडवे होतात आणि खालून बघतात. "हे वळण गरम करून केलंय का नुसतं?" बायका आईला विचारतात, यात कपडे वाळत घालायचा स्टँड होईल का. भावोजींनी चपलांसाठी एक सांगून ठेवलाय. वायरमन दारात उभा राहून आवाज खाली आणून सांगतो की लोक बोलायचे थांबलेत. बाळ बिचारं त्या सगळ्यांच्या मधोमध पडून बघत असतं की आपल्याला कुणी बघतंय का.

हसा. हसा ना. इतका वेळ मी बोलतेय आणि तुम्ही कान टवकारून ऐकताय. स्प्रिंग कुठे मिळते, विचारून झालं. व्हॅक्यूमचं काय झालं, विचारून झालं. मुलगा झाला का मुलगी, हे विचारलंत कुणी? ताई कशी आहे, हे एकाच्या तरी तोंडून निघालं? मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. म्हटलं बघू, कोण विचारतं.

असो. पाईप पंचवीस एमएमचा आहे. दुकानात जाड आणि पातळ असे दोन मिळतात. जाड घ्या.